आधी मोतीरामले पुसा

सोमवार, ३ एप्रिल १९६७. अमरावती

आज दुपारी एक वाजता अकोल्याच्या बसने सुखरूप पोचलो. ट्रंकेचे कुलूप शाबूत, शाईची दौतही सांडली नाही. मन फार आनंदात आहे. ही वही वाटेत मूर्तिजापूरच्या स्टँडवर घेतली. रोज लिहायचे आणि शुद्ध लिहायचे, असे ठरवले आहे. शाळा सातवीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ मी सुटू दिले नाही.

नोकरीही त्यामुळेच लागली. जानरावभाऊ गाणी टेपवर घेण्याचे काम करतात. ते कोणाच्या नोकरीत नाहीत. मुंबईच्या एका स्टुडिओत बारा वर्षे काढून परत आले. आता ज्या पार्टीला गरज असेल ती त्यांना बोलावते, कधी इथे, कधी अकोल्यात. माझे पोस्टकार्ड वाचून त्यांनी कळवले की टेपांच्या खोक्यांवर लिहायला असेच अक्षर हवे.

खोली सुंदराबाईंकडे मिळाली. मी जयभीम म्हणालो तर त्यांनी इतक्या खणखणीत आवाजात जयभीम म्हटले की शेजारीण बाहेर आली. जेवताना माझे गाव, आईचे नाव, सगळे विचारून घेतले. मी पातूरचा, आईचे नाव पंचफुला. त्या म्हणाल्या, आता या घरात तू पाहुणा नाहीस.

गुरुवार, ६ एप्रिल

कामाची जागा म्हणजे जुन्या जिनिंगचे गोदाम. चारी भिंतींना कापसाच्या गाठी रचल्या आहेत, त्या आवाज गिळतात. आत टाळी वाजवली तर ती आपल्या हातातच मरते. टेप घेण्याची वेळ भर दुपारी बारा ते चार, कारण उन्हात रस्ता निर्मनुष्य असतो. पंखा बंद ठेवावा लागतो, माइकमध्ये त्याची घरघर येते.

पार्टी कॉलेजातल्या चार मुलांची. इंग्रजी धर्तीचे रॉक संगीत वाजवतात. दोघे संत्र्यांच्या मोर्शीचे, म्हणून नाव ठेवले 'द ऑरेंजेस'. म्होरक्या नत्थुजी. वय एकवीस, पण चष्मा आणि गंभीर चेहरा यामुळे सगळे 'जी' लावतात. तो ड्रम वाजवतो. त्याला सांगाल ते तो अक्षरशः करतो. भाऊ म्हणाले, ड्रम जरा मागे घे. म्हणजे आवाज कमी कर. तर हा सगळे ड्रम उचलून भिंतीपाशी जाऊन बसला! पोरे हसून हसून गाठींवर लोळली.

टेपरेकॉर्डर दोन. पहिल्यावर गिटार आणि ड्रम घ्यायचे. मग ते वाजवत असताना कोणी गायचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर उतरवायचे. कोणता आवाज किती, हे भाऊ चार बटणांच्या एका पत्र्याच्या डब्यावर ठरवतात. डबा त्यांनी स्वतः केला आहे. कोऱ्या टेपा इथे मिळत नाहीत, म्हणून जुन्या पुसून घेतात. त्यासाठी पंख्याच्या मोटारीतली तार गुंडाळून केलेले एक गोल यंत्र आहे. भाऊ त्याला पुसणी म्हणतात. टेप तिच्यावरून फिरवली की टेपेवरचे सगळे जाते.

आज मी म्हणालो, हे कोणास विचारावे? नत्थुजी म्हणाला, "ओ मास्तर, इथं विचारत नाईत, इथं पुसतेत!" तेव्हापासून मी मास्तर. पातुरातही आम्ही पुसणेच म्हणतो. पण लिहिताना मी विचारणे लिहितो.

माइक लावताना रोज तोच एक आवाज वाजवून पाहावा लागतो, म्हणून भाऊंनी माझा नमुना घेतला. म्हणाले, बोलत राह. मी नाव, गाव, आई, आमची गल्ली, लेणीकडे जाणारी वाट, शाळेचे गुरुजी, जे आठवेल ते बारा मिनिटे बोललो. भाऊ खूश झाले. म्हणाले, आवाजाचा काटा मधोमध आला तो हलला नाही, जणू माणूस टेपेत जाऊन बसला. टेप नंबर चौदा. खोक्यावर मी ठळक लिहिले: मोतीराम.

माझ्याआधी इथे श्रावण होता, अचलपूरचा. बशीत चहा ओतून प्यायचा आणि ऐन टेपेच्या वेळी त्याला शिंक यायची, असे भाऊ हसत सांगत होते. फेब्रुवारीत न सांगता गेला. त्याच्या हातचे रजिस्टर पाहिले. 'ळ'च्या जागी 'ल', अनुस्वार वाटेल तिथे. मी लाल पेन्सिलीने एकतीस पाने दुरुस्त केली.

बुधवार, १२ एप्रिल

आज थोडे विचित्र झाले. सात नंबरची टेप श्रावणच्या नमुन्याची. ती फेब्रुवारीतच पुसून घेतली होती. आज तिच्यावर गाणे चढवण्याआधी मी ऐकून पाहिली. नुसती खरखर. पण खरखरीच्या खाली, फार लांबून, कोणी म्हणाले: मले पुसू नका.

रजिस्टरात 'काय ऐकू आले' असा रकाना आहे. त्यात मी ते जसेच्या तसे लिहिले. अर्थ साधा वाटला: मला काही विचारू नका. कोणाशी भांडताना म्हणाला असेल. भाऊंनी ऐकले आणि म्हणाले, नीट पुसल्या गेली नाई. स्वतः दोनदा पुसणी फिरवली. आता टेप स्वच्छ आहे.

नंतर चहाला मी सहज म्हणालो, श्रावण बशीत प्यायचा ना? भाऊ म्हणाले, "कोन श्रावण?"

थट्टा असावी. पण ते हसत नव्हते.

शुक्रवार, १४ एप्रिल

रजिस्टर उघडले. एकतीस पाने कोरी. म्हणजे श्रावणचे काहीही नाही. फक्त माझ्या लाल खुणा आहेत, रिकाम्या कागदावर. जिथे 'ल' होता तिथे काही नाही, आणि त्याच्या डोक्यावर माझा लाल 'ळ'.

शाई वाईट असेल. उन्हाने उडाली असेल. पण मग रेघा कशा राहिल्या?

मंगळवार, १८ एप्रिल

आज दुपारी गोदामाच्या दारात एक वयस्क बाई उभी होती. जाईबाई. अचलपूरहून बसने आलेली. हातात गाठोडे, त्यात पुरुषाचा धुतलेला सदरा आणि डब्यात ठेचा. भाऊंनी विचारले, "कोनाले भेटाले आली, माय?" ती म्हणाली, "तेच तं आठोत नाई, बाबू. पाय आले इकडं, मी काय करू?"

मी हळूच म्हणालो, श्रावण? तिने ते नाव दोनदा उच्चारून पाहिले. एखाद्या लांबच्या गावाचे नाव असावे तसे. मग म्हणाली, नाई, असं कोनी नाई आपल्यात. सदरा मात्र तिने छातीशी धरून ठेवला होता. परतीच्या बसपर्यंत तो उलटून पालटून बघत होती. मी स्टँडवर तिच्यासोबत बसलो होतो.

तो विचारू नका म्हणत नव्हता.

आता कळले. त्याचे 'पुसू नका' मी चुकीच्या अर्थाने वाचले. एवढा शब्दांचा जाणता मी.

चौदा नंबर जागेवर आहे. परत येऊन तीनदा पाहिली.

शनिवार, २२ एप्रिल

भाऊंना सगळे सांगितले. ते चिडले नाहीत, म्हणाले, "काहून भेऊन राहिला बे? उन्हानं डोकं फिरलं तुवं." चौदा नंबर माझ्या खोलीत ठेवू द्या म्हणालो. नाही म्हणाले, माइक लावायला रोज लागते. मी म्हणालो, निदान पुसू तरी नका. ते म्हणाले, "तुया टेपेले कोन हात लावते?"

कोऱ्या टेपा उरल्या नाहीत. नत्थुजीची दोन गाणी अजून व्हायची आहेत. दर वेळी ते टेपांचे कपाट उघडतात आणि मी उठून चौदा नंबर पाहून येतो.

मंगळवार, २५ एप्रिल

भाऊ उद्या मला अकोल्याला पाठवत आहेत. दुरुस्तीला दिलेला मोठा लाउडस्पीकर आणायचा आहे. परवा परत. नाही म्हणता आले नाही.

टेप सोबत घ्यावी असे ठरवले होते. पण लाउडस्पीकरमध्ये शेरभराचे लोहचुंबक असते, आणि बसमध्ये तो माझ्या मांडीवरच येणार. चुंबकाजवळ टेप ठेवणे म्हणजे तिला पुसणीवर ठेवण्यासारखेच. म्हणून नाही. सुंदराबाईंकडे ठेवली असती, पण उद्या सकाळीच माइक लावायचे आहेत.

मग कपाटावर कागद लावला: 'कृपया कोणतीही टेप विचारल्याविना घेऊ नये.' मुलांनी तो मोठ्याने, शाळेतल्या प्रार्थनेसारखा म्हणून दाखवला. एकजण म्हणाला, "मास्तर, हे तं कोर्टाचं समन्स वाटते. आपल्या बोलीत लिही ना, मंग ध्यानात राईन."

त्यांचे बरोबर होते. ध्यानात राहणे महत्त्वाचे. तो कागद फाडला आणि दुसरा लावला. हातभर, लाल अक्षरात, त्यांच्याच बोलीत:

कोनतीबी टेप घ्याच्या आधी मोतीरामले पुसा.

नत्थुजीने चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि मान डोलावली. आता काळजी नाही. मी नसताना कोणी टेप घेणारच नाही.

गुरुवार, २७ एप्रिल. बसमध्ये, मूर्तिजापूर

लाउडस्पीकर मांडीवर आहे. सकाळी अकोल्यात दुकानदाराशी व्यवस्थित बोललो. पण साडेबारानंतर कंडक्टरला तीनदा हाक मारली, त्याने मागे पाहिले नाही. शेवटी बाही ओढली. तो दचकला. सीट रिकामी वाटली होती म्हणाला.

घसा कोरडा पडला असेल. पाणी प्यालो. शेजारच्या म्हाताऱ्याला गाव विचारले. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

तोच दिवस, संध्याकाळी पाच

जयभीम म्हणालो. सुंदराबाईंनी वर पाहिले नाही. पुन्हा म्हणालो, मोठ्याने. माझ्या खोलीत त्या झाडत होत्या. शेजारणीला सांगत होत्या की खोली कधीची रिकामी आहे, कोणी बरा भाडेकरू असला तर बघ. माझी ट्रंक त्यांनी अंगणात ठेवली, कोनाची आहे बाई ही, म्हणत.

गोदामाकडे जातो—

सहा वाजता

नत्थुजी भाऊंना हिशेबाने सांगत होता. माझ्या समोर उभा राहून. माझ्या आरपार. गाणे छान झाले, कपाटातल्या एका टेपेवर घेतले. "आन् भाऊ, कपाटावर लिवल्या परमानं केलं मी. टेप घ्याच्या आधी मोतीरामले पुसलं. चांगलं दोनदा पुसलं."

भाऊ म्हणाले, शाबास. मग म्हणाले, कोन मोतीराम?

नत्थुजीने खोके दाखवले. त्यावर काही लिहिलेले नव्हते.

त्याची चूक नाही. त्याने अक्षरशः केले. अक्षरे माझी होती.

शुक्रवार, २८

दुपारी जेवायला गेले सगळे. माइक सुरू केला, टेप चढवली. नवा नमुना द्यायचा. नाव सांगितले. गाव सांगितले. ओरडलो. काटा हलला नाही— जरासुद्धा—

गाठींना माझा आवाज पोचतच नाही, त्या गिळणार काय.

टेप उलटी फिरवून ऐकली. खरखर. त्याखाली कोणी तरी शिंकले.

शनिवार

वही पहिल्यापासून वाचत आहे. पहिली पाने फिकी. ३ तारखेचे अर्धेच दिसते. लाल पेन्सिलीने गिरवतो आहे, लाल राहते, लाल राहिले होते—

माझे नाव. ती दीर्घ की ऱ्हस्व? मोती— मोति— याआधी कधी अडलो नव्हतो.

रवि

आई निघाली असेल. पाय आणतील तिला. बसने, गाठोडे घेऊन. दारात उभी राहील आणि तिला सांगता येणार नाही—

जो कोणी हे वाचेल त्याने एवढे करावे. पातूरची पंचफुला दारात आली तर आधी तिले पुसा

नाही. खोडतो. नाही. खोडले. कोणीही तसे वाचू नये. विचारा. तिला विचारा. हळू विचारा की बाई, तुझ्या मुलाचे नाव