अक्काच्या वाटचे पाच खडे

८ एप्रिल, मंगळवार
डोकं आवळून निघालं. अंबाडा सुटला, कानातली कुडी पट्ट्यात अडकली, आन् वर नात इचारती, "आजी, कसं वाटतंय?" बैलाला झापड बांधल्यावर बैल काय सांगतो?
नात म्हंजे स्वाती, पुण्याहून आलीय. हितनं पुढं स्वा. लिहीन, बोटं दुखत्यात. तिच्या हापिसात ह्या डब्यातनं गोष्टी दावत्यात. डोळ्यावर चढवला की चारी बाजूला गोष्ट, मागं वळलं तर मागं बी. आज येरमाळ्याचा बाजार दावला, तिनंच टिपलेला. वांगी हाताला येत्याल असं वाटलं. खरंच. पर म्या ताडाएवढी उंच! लोकांची टकलं दिसत हुती. खाली बघितलं तर मला पायच न्हायत.
"स्वाते, मी मेले का काय?"
म्हणली, कॅमेरा उंच तिवईवर ठिवायचा, हापिसातल्या सरांचा नियम हाय.
सरांनी कधी बसून वांगी निवडली न्हाईत.

१० एप्रिल, गुरुवार
खरं काम आज कळलं. चैती पुनवेच्या दुसऱ्या दिवशी येडाई देवीचा चुना वेचत्यात, रानातनं चुन्याचे पाच खडे हुडकून तिला वाहत्यात, त्याची गोष्ट करायचीय. सरांना पालखी पायजे, ढोल पायजे, गुलाल पायजे. म्या म्हणलं, चुन्याचे खडे आभाळात असत्यात व्हय? समदी वाकून पाच खडे हुडकत असत्यात. ताठ हुबा ऱ्हातो त्यो नुसता बघ्या.
"कॅमेरा माझ्या कपाळाला बांध."
"आजी, तुम्ही वाकलात की बघणाऱ्याला गरगरतं."
"मग हळू वाकते."
"सर रागावतील."
"रागवू दे. त्यांचा राग उतरंल, चुना वर्साशिवाय यायचा न्हाय."
माझ्या मनात निराळंच. थोरली जाऊ, अक्का. खुबा मोडल्यापास्नं खाटंवर. तीन वर्सं चुना चुकला. दरसाल म्हणती, "माझ्या वाटचे पाच तू आण." आमच्यात दुसऱ्यानं वेचल्याला चालत न्हाय. तिला बी ठावं हाय. तरी म्हणती.

१३ एप्रिल, रविवार
चुना. ऊन मरणाचं. पदराखाली कपाळावर ते कॅमेऱ्याचं बोंडूक. जल्मात एवढी हळू वाकले न्हाय. मागची बाई म्हणली, "मावशी, झोप लागली का?" तिला काय सांगावं.
चूक झाली ती घरी आल्यावर कळली. आमी दोघी जावा चाळीस वर्सं बरोबरीनं वेचत आलो. सवयीनं समदा येळ अक्काशीच बोलत गेले. समदं बोलणं भरलंय त्या कॅमेऱ्यात. आता पुन्ना टिपायचं म्हणलं तर पुढच्या चैतात.

१६ एप्रिल, बुधवार
अक्काला डबा चढवला, आत रविवारचा चुना. आधी, "काढ गं, जीव घाबरतोय." मग हात निघाला आन् वाकळंवर चाचपाय लागला.
डब्यातनं माझा आवाज, "अक्का, त्यो ठिसूळ हाय, टाका."
अक्का मोठ्यानं, "मला नगं शिकवू!"
म्या शेजारीच बसल्याली. मला न्हाय, डब्यातल्या मला म्हणली.
पाच बार हात खाली गेला. डबा काढला तर मूठ गच्च. म्हणली, "झालं माझं." मूठ उघडा म्हणायची माझी टाप न्हाय. डाव्या हातानं च्या प्याली.
स्वा. पडवीत जाऊन रडली. म्या न्हाय. म्या जितले.

१७ एप्रिल, गुरुवार
सरांनी बघितलं. स्वा. ला म्हणले, इथनं पुढं समद्या गोष्टी अशाच वाकून टिपायच्या. मोडला नियम! चौथी शिकल्याल्या बाईनं मोडला. शिरा केला, दोन वाट्या म्याच खाल्ला.
पर एक खोडा हायच. सर इचारत्यात, "ही अक्का अक्का कोण? बघणाऱ्याला काय कळणार? आजींचा आवाज काढून पुण्याच्या पोरीचा घाला." स्वा. तोंड पाडून बसली. "आजी, काय सांगू त्यांना?"
तू काय बी सांगू नगं. उद्या धा वाजता सरांचा फोन येणार हाय. स्वा. नं उचलायचा न्हाय, म्या बी न्हाय. फोन अक्काच्या उशाला ठिवायचा. अक्का कोण, ते अक्काच सांगंल.