प्रभुभोजनाचे मातीचे पेले

९ मार्च, रविवार
उपासनेनंतर पास्टरसाहेबांनी जाहीर केलं की आपल्या देगलूरच्या चर्चमध्ये यापुढे दर रविवारी सृष्टी जपण्याची एक टिप दिली जाईल, आणि ती पुनम देईल. पुनम म्हणजे मी. टाळ्या वाजल्या नाहीत, पण दोघंतिघं खोकले. अपेक्षा वाढल्याचं लक्षण.
आजपासून रोजनिशी. चौथीपर्यंत पप्पांनीच मला घरी शिकवलं. त्यांचा पहिला नियम असा की चूक झाली तर ती त्याच दिवशी लिहून काढायची. तशी वेळ येणार नाही, पण सवय असावी.

१६ मार्च, रविवार
पहिली टिप: रिकाम्या बाकांवरचे पंखे बंद करा. सांगून थांबले नाही, स्वतः उठून बटण दाबलं. बोर्डावर कुठलं बटण कुठल्या पंख्याचं हे लिहिलेलं नाही, त्याला मी काय करणार. कमलम्मांच्या डोक्यावरचा पंखा बंद झाला. कमलम्मा म्हणजे तेलंगणातून लग्न होऊन आलेल्या, मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर. उपदेशभर त्या गीतांच्या पुस्तकाने वारा घेत होत्या.
वीज मात्र वाचली.

१९ मार्च, बुधवार
झोप नाही. प्रभुभोजनाचा द्राक्षरस आपण ज्या अंगठ्याएवढ्या कपांतून घेतो ते प्लास्टिकचे. कोरोनापासूनचे. एकदा ओठांना लावायचे की टाकून द्यायचे, मग ते भिंतीमागे पेटवतात. मीही घेतलाय त्यातून, दर महिन्याला. सकाळी दोनदा क्षमा मागितली. एकदा देवाची, एकदा चर्चमागच्या लिंबाच्या झाडाची.
अडचण एकच. हे कप दयानंदकाका फुकट देतात. बसस्टँडजवळ त्यांचं पत्रावळ्या, ग्लास, बादल्यांचं दुकान आहे आणि कमिटीतही तेच. फार नाजूकपणे बोलावं लागेल.

२१ मार्च, शुक्रवार
बोलले. अत्यंत नम्रपणे सांगितलं की काका, तुमचे कप हे पाप आहे. त्यांना पटलं असावं, कारण हातातलं कपांचं पाकीट त्यांनी खाली ठेवलं. मग म्हणाले, "मग प्यावं कशात पोरी? वंजळीत?"
मातीच्या पेल्यात, मी म्हटलं. हे मलाही तेव्हाच कळलं.

२३ मार्च, रविवार
कमिटीचा निर्णय: ६ एप्रिलचं प्रभुभोजन मातीच्या पेल्यांत. नीट झालं तर प्लास्टिक कायमचं बंद. नाही झालं तर काकांचे कप परत आणि माझ्या टिपा बंद. टिपांचं पास्टरसाहेब जरा हळू बोलले. बहुतेक गमतीत.

२८ मार्च, शुक्रवार
कुंभारवाड्यातून पेले आले. इवलेसे, सुरेख. मिठाच्या पाण्याने घासले, उकळले, गच्चीवर उन्हात मांडले. आई भिजवण्याबद्दल काहीतरी सांगून राहिली होती, पण ओलाव्याला जंतू धरतात. वाळलेलंच बरं.

२ एप्रिल, बुधवार
अजून उन्हात. इतके कोरडे की जिभेला लावला तर चिकटतो. एकदम शुद्ध.

५ एप्रिल, शनिवार
उपासना नऊची. मी पहाटेच भरणार. ऐनवेळी घाई केली की चुका होतात.

६ एप्रिल, रविवार
ठरल्याप्रमाणे पहाटे भरले, पांढऱ्या कापडाने झाकले. एक थेंबही सांडला नाही.
पास्टरसाहेबांनी प्रार्थना केली आणि सगळ्यांना एकत्र घ्यायला सांगितलं. सगळ्यांनी पेले ओठांना लावले. माना मागे गेल्या. आणखी मागे गेल्या. तिथेच राहिल्या. मला वाटलं, काय हा भक्तिभाव. मग कमलम्मांनी पेला तळहातावर उलटा आपटला आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "अम्मा, माझं तर पेल्यानंच पिऊन टाकलं की."
पास्टरसाहेबांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. रडत असावेत.
बाटलीत रस उरला होता. काकांच्या स्कूटीच्या डिकीत प्लास्टिक कपांचं पाकीट निघालं. नेमकं आजच. रस त्यांतून पुन्हा वाटण्यात आला.
आजची टिप राहिली. कुणी आठवण केली नाही.

७ एप्रिल, सोमवार
विचार केला. माझी पद्धत बरोबर होती, मातीचं चुकलं.
संध्याकाळी आईने नवा माठ आणला, माझ्यासमोर पाण्याच्या टपात बुडवला आणि आत गेली. पप्पांनी विचारलं, लिहून काढलंस का. लिहिण्यासारखं अजून सापडलं नाही. उद्या बघते.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
कमिटीपुढे उभं राहून सांगितलं की मी टिपा सोडते. मला वाटलं होतं, नको नको म्हणतील. पास्टरसाहेब बरं म्हणाले.
तेवढ्यात कमलम्मा मागून बोलल्या की कपाटात स्टीलचे पेले पडून हायत, कोरोनाच्या आधीचे. धुवायला कुणी न्हाई म्हणून तर प्लास्टिक आलं. काका स्वतः म्हणाले, काढा मग, माझं काय अडलंय.
प्लास्टिक कायमचं बंद! मी जिंकले.
मग पास्टरसाहेबांनी विचारलं, धुणार कोण? सगळ्यांच्या हातातल्या झावळ्या माझ्याकडे वळल्या.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार
प्रभुभोजन स्टीलमध्ये. कुणाच्याही रसाला काही झालं नाही. नंतर मागच्या नळावर पेले धुतले. प्रत्येक तीनदा, मनाचं समाधान होईपर्यंत. शेवटचे काही बाकी असताना टाकी संपली. जुनी आहे, गळत असेल.

२० एप्रिल, ईस्टर
सकाळी चर्चला पाणी नव्हतं. सगळे नटून आलेले, बोअरला लाइट नाही, पोरं तहानलेली.
टिप आता दयानंदकाका देतात. आजची: नळ सोडून भांडी घासू नका, बादली घ्या. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. बाकी सगळे बघत होते.
नंतर कमलम्मांनी मला जवळ बोलावून, डोक्यावर हात ठेवून, मंडळीतर्फे भेट दिली. बादली. काकांच्या दुकानातली. प्लास्टिकची.
मी थँक्यू म्हणाले.