युद्ध संपेपर्यंतची भट्टी

परम दयाळू परमेश्वराचे नाव घेऊन सुरुवात करते, आणि त्यामागोमाग निहादचे नाव घेते, कारण हा सारा खटाटोप त्याच्यामुळेच करावा लागत आहे.

मी, बद्रिया, हसूनची मुलगी, शाकिर भट्टीवाल्याची विधवा, राहणार शव्वाका मोहल्ला, बगदाद, वय सत्तरीच्या पुढे, लिहून ठेवते की माझे डोके जागेवर आहे. गुडघे जागेवर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणी दमदाटी केलेली नाही. या मोहल्ल्यात दमदाटी करणारी मीच. अंगठा न उठवता सही करणार आहे, कारण सरकारने एके काळी आम्हा बायकांना सक्तीने वर्गात बसवून अक्षरे गिरवायला लावली होती. तेव्हा मास्तरणीला मी फार शिव्या दिल्या, त्या आज परत घेते.

मोहल्ला मला उम्म गायिब म्हणतो. मूल नसलेल्या बाईला आमच्याकडे हेच नाव मिळते, न आलेल्या मुलाची आई. सुरुवातीला ते नाव काट्यासारखे टोचायचे. पुढे भट्टीच्या पाटीवर तेच रंगवून घेतले, मग टोचायचे थांबले.

कलम पहिले, वारसाविषयी. निहाद हा माझ्या नवऱ्याच्या भावाचा मुलगा. नवरा माझाच चुलतभाऊ, तेव्हा निहाद दोन्ही बाजूंनी माझा, आणि डोकेदुखीही दोन्ही बाजूंनी. पोरगा वाईट नाही. लहानपणी तापात माझ्याच मांडीवर झोपायचा. पण त्याला भट्टी पाडून तिथे मोबाइलचे दुकान काढायचे आहे. गेल्या शुक्रवारी माझ्याच घरी, माझाच चहा पिऊन मला म्हणाला, "काकू, परदेशी फौजा गेल्या, टीव्हीवर दाखवलं. युद्ध संपलं. आता काकांचा शब्द पाळ."

तो शब्द काय होता ते पुढे येईल. तूर्त इतकेच, की वारस असताना आपल्या मर्जीने मी फक्त तिसरा हिस्सा दुसऱ्याला देऊ शकते. बाकी निहादचे. कायदा मला मान्य आहे. तिसरा हिस्सा कुठला, हे ठरवायचे मात्र कायद्याने माझ्यावर सोडले आहे, आणि तिथेच कायदा चुकला.

कलम दुसरे, भट्टी माझ्या नावावर कशी आली. इराणशी युद्ध पेटले आणि शाकिरला बोलावणे आले, तेव्हा निघण्यापूर्वी तो मला कचेरीत घेऊन गेला आणि भट्टी माझ्या नावावर केली. लहानपणापासून आमचे अरे-तुरेच. दारात उभा राहून म्हणाला, "मी मेलो तर भाऊ भांडत बसतील. म्हणून तुझ्या नावावर."

"आणि आलास तर?"

"आलो तर परत दे. युद्ध संपेपर्यंत सांभाळ. दोन-तीन आठवड्यांचं काम आहे, रेडिओवर सांगितलंय."

समोरचे चहावाले हाजी तौमान याला साक्षीदार आहेत. ते तेव्हा हसले होते. रेडिओला की मला, ते त्यांनी अजून सांगितलेले नाही.

आता घरचा तंदूर बाईचा आणि समून पावाची भट्टी पुरुषाची, ही आमच्याकडची जुनी वाटणी. बाई अंगणात तंदूरपुढे बसते आणि भाकरी हाताने आतल्या भिंतीवर थापते. पुरुष भट्टीपुढे उभा राहतो आणि होडीसारखे टोकदार समून लांब दांड्याच्या फावड्याने आत सरकवतो. शाकिरने मला चावी दिली, फावडे दाखवले, पण ते धरायचे कसे हे सांगायचे विसरला. मी विचारले नाही. भाकरी थापण्यात माझा हात धरणारी मोहल्ल्यात कोणी नव्हती, मग विचारते कशाला?

पहिल्या पहाटे मी आणि सबरिया भट्टीपुढे उभ्या राहिलो. सबरिया शेजारची. तिचाही नवरा आघाडीवर गेला होता. तिने पीठ मळले, आणि मी समून उचलून नेहमीसारखा वर थापला, भट्टीच्या छताला. चिकटला. दुसरा थापला, तोही चिकटला. सबरिया म्हणाली, "बघ, उगीच पुरुष मिरवतात. यात काय मोठंसं?" तेवढ्यात पहिला समून छतावरून सुटला आणि धप्पकन खाली पडला. मग एकामागून एक सगळेच पडू लागले. बाहेर बायका रांगेत उभ्या होत्या. त्यांना वाटले, बॉम्बच पडताहेत. निम्मी रांग हाजींच्या टेबलांखाली शिरली.

समून एका बाजूने चेपलेले, दुसऱ्या बाजूला विटांचे ठसे. तेच विकले, कारण मोहल्ल्यात दुसरे काही नव्हते. हाजी तौमान दारात आले आणि ओरडले, "बाईच्या हातचा समून! आता उद्या बायका मिश्याही ठेवतील!" मी मान वर केली. भट्टीच्या काजळीने माझ्या ओठांवर जाडजूड मिशी उमटली होती. त्या काळी आमच्या देशात मिशीला फार मान होता. हाजींनी नकळत सलाम ठोकला. या सलामाची नोंद मी त्यांच्या समोर, त्यांची सही घेण्यापूर्वी करीत आहे.

आठवडाभरात फावडे धरता येऊ लागले. पण तोवर पोरांना तो चेपका समून आवडून बसला होता. "खाला, छतावरचा दे!" म्हणून हट्ट करायची. म्हणून आजही आमच्याकडे सरळ समून मिळतो आणि छतावरचाही मिळतो. सबरियाचा नवरा परत आला नाही. ती बातमी आली त्या दिवशी तिने पीठ मळणे थांबवले नाही, आणि मी तिला थांब म्हटले नाही. दोघी रडलो. त्या दिवशीचा समून खारट आहे अशी तक्रार घेऊन कोणी आले नाही.

कलम तिसरे, मोठे पातेले. सैन्याने शाकिरची सोय अशी लावली: भट्टीवाला होता, म्हणून ट्रक चालवायला दिला. त्याने जन्मात फक्त गाढव हाकलेले. ट्रक कालव्यात गेला. गाढवाला म्हणतात तसे त्याने ट्रकला "हो, हो" म्हटले होते, पण ट्रकने ऐकले नाही. मग त्याला मुदपाकखान्यात टाकले. तिथे कांद्यांत, वांग्यांत, द्राक्षाच्या पानांत भात भरून डोल्मा करायला तो शिकला, तोही अख्ख्या पलटणीला पुरेल इतका.

आठ वर्षांनी युद्ध थांबले आणि तो परत आला, तेव्हा मी चावी त्याच्यापुढे धरली. शब्द म्हणजे शब्द. त्याने भट्टीत एक घाणा लावला. सुरेख समून, एकसारखे, जणू साच्यातून काढलेले. पोरांनी ते पाहिले आणि विचारले, "काका, छतावरचा नाही?" त्याचा चेहरा पडला. मला त्याची फार दया आली, आणि हसूही आले. मला एका वेळी एकच करता येते, म्हणून हसले. दोन दिवस तो भट्टीकडे फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी मी घरी आले तर अंगणात पातेले चढलेले. डोल्मा! पलटणीइतका. दोघांचा स्वयंपाक त्याला मरेपर्यंत जमला नाही. आठवडाभर आम्ही खाल्ला, शेजाऱ्यांनी खाल्ला, मांजरांनी पानांसकट खाल्ला. जेवताना चावी त्याच्या ताटाजवळ ठेवली. तो म्हणाला, "घाई काय आहे? खरंच संपलं का ते बघू दे आधी. तोवर ठेव तुझ्याकडे."

त्यानंतर भट्टी माझी आणि चूल त्याची. फक्त एक अट होती, बाहेर कळता कामा नये. पुरुषाने घरी कांदे सोलायचे म्हणजे काय! पाहुणे आले की तो बैठकीत मिशीला पीळ देत बसायचा आणि मी त्याचे पातेले घेऊन आत यायचे. एकदा हाजी तौमान जेवायला आले. बोटे चाटून म्हणाले, "वहिनीसाहेब, हात सोन्याचा आहे हो तुमचा. थोडी चिंच कमी पडली, बस."

शाकिरने बराच वेळ दम धरला. लाल झाला, जांभळा झाला, आणि शेवटी ताडकन उठून ओरडला, "चिंच बरोबर आहे! मी स्वतः तीनदा चाखून घातली आहे!"

मग हाजींनी ताट पुढे केले आणि म्हणाले, "मग शाकिरभाऊ, अजून दोन वाढा." पुढच्या महिन्यात त्यांच्या बायकोने सांगितले की हाजी चोरून अंडी तळायला शिकत आहेत. म्हणून ते मोठे पातेले हाजी तौमान यांना देते. सोबत चिंचेची बरणीही द्यावी, आणि ती देताना कोणीतरी हसावे अशी माझी इच्छा आहे.

कलम चौथे, चावी. नव्वद साली पुन्हा पेटले. त्या वर्षी मी नुसती चावी कमरेला खोचली. पुढे निर्बंधांची वर्षे आली, पिठात पीठ सोडून सारे काही यायचे. सबरियाने चाळून चाळून चाळण्या झिजवल्या. मग परदेशी आले, आणि त्यानंतर आमचे आम्हीच एकमेकांना पुरून उरलो. मधूनमधून कोणीतरी जाहीर करायचे की संपले. मी दर वेळी चावी शाकिरपुढे धरायचे. तो कान देऊन बाहेर ऐकायचा आणि म्हणायचा, "थांब जरा."

शेवटच्या आजारपणात त्याच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. मी उशाशी बसले होते. म्हणाला, "बद्रिया, संपलं का गं?"

पुलापलीकडे गोळीबार चालू होता. खोटे बोलावेसे वाटले, पण तो ऐकत होता. म्हटले, "नाही रे अजून."

"मग राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला, आणि त्याला बरे वाटल्यासारखे दिसले. मला त्याची आठवण रोज येते. डोल्मा मला अजून येत नाही.

कलम पाचवे, वाटणी. दुकानाचे तीन भाग आहेत. पुढे विक्रीचा कट्टा, मध्ये भट्टी, मागे पिठाचे कोठार. वकीलसाहेबांकडून मोलाने तीन सारखे हिस्से पाडून घेतले आहेत. पुढचा आणि मागचा हिस्सा निहादला, कायद्याप्रमाणे. मधला हिस्सा, म्हणजे भट्टी, फावडे, चिमणी आणि छतासकट, सबरियाला व तिच्यामागे तिची मुलगी रफल हिला. निहादला आपल्या पुढच्या हिश्श्यातून आपल्याच मागच्या हिश्श्यात जायचे झाल्यास सबरियाला विचारून जावे, आणि जाताना पिठाचे एक पोते उचलून न्यावे. त्याने कट्ट्यावर मोबाइल विकायला माझी ना नाही. उन्हाळ्यात तिथे मोबाइल वितळतात.

कलम सहावे, आणि हेच खरे. निहाद, तू म्हणशील की काकांचा शब्द होता, युद्ध संपल्यावर भट्टी परत. मी आयुष्यात शब्द मोडलेला नाही, मेल्यावरही मोडणार नाही. सबरियाला मी भट्टी त्याच शब्दावर देते: युद्ध संपेपर्यंत. संपले की भट्टी तुझी. ही अट सबरियाने मान्य केली आहे. मान्य करताना ती जरा जास्तच हसली.

पुरावा मात्र लागेल. टीव्ही चालणार नाही, रेडिओ तर नाहीच. माझ्या खोलीच्या दारामागे एक बोचके आहे. त्यात घराची कागदपत्रे, दोन बांगड्या, शाकिरचा फोटो आणि एक जोड कपडे आहेत. पळावे लागले तर हाताशी असावे म्हणून ऐंशी साली बांधले, ते आजवर सुटलेले नाही. आपल्या गल्लीत प्रत्येक दारामागे असे एक बोचके आहे. तुझ्या बायकोनेही बांधले आहे, तुला माहीत नसेल. माझे बोचके मी तुला देते. ज्या दिवशी गल्लीतल्या साऱ्या बायका आपापली बोचकी सोडून कपडे कपाटात लावतील, त्या दिवशी तूही हे सोड, आणि भट्टी मागायला जा. सबरियाने त्याच क्षणी चावी द्यावी. मग पाड ती भट्टी, मोबाइल विक, काय हवे ते कर. मी वरून बघेन आणि तुझ्यापेक्षा जास्त आनंदाने नाचेन, गुडघे नसले तरी.

ठिकाण: शव्वाका, बगदाद. फेब्रुवारी २०१२, दिवस गुरुवार, भट्टी पेटलेली.

सही: बद्रिया हसून, उम्म गायिब.

साक्षीदार: एक पुरुष आणि दोन बायका लागतात असे वकीलसाहेब म्हणाले. पुरुष एकटाच असल्याने त्याच्यावर लक्ष ठेवायला दोन बायका पुरतील.

हाजी तौमान, चहावाले. (सलामाचा मजकूर खोटा आहे. बाकी सर्व खरे.)

नजीबा, शिवणकाम करणारी. (सलाम मी पाहिला आहे.)

वहीदा, शाळेतली निवृत्त मास्तरीण. (शिव्या परत केल्या.)

वाचून दाखवले, समजले: निहाद. (घरी जाऊन दारामागे पाहिले, काकू. आहे. आणि पिठाचे पोते कुठे ठेवू?)