मामाजींचा किल्ला

बडनेरा, ३ सप्टेंबर १९६५, शुक्रवार

मामाजी आज पुन्हा जेवले नाहीत! विचारलं तर म्हणाले, "भूक नाई." सासऱ्यावर ओरडता येत नाही, म्हणून भांडी आदळली.

सारी वस्ती लढाईच्या बातम्यांनी पेटली आहे. स्टेशनात फौजेची गाडी थांबली की बाया पुरी-भाजी घेऊन धावतात. शेषराव काकाजी रेल्वेत पॉइंट्समन, वस्तीतला एकुलता रेडिओ त्यांचा. ते म्हणाले, "मोतीराम, तुहा पोरगा तुह्याच तोफेवर उभा हाय. मिरव ना लेका! तोंड पाडून काहून बसला?"

खरंच, काहून? मामाजी मागच्या मोठ्या लढाईत कोकणातल्या एका किल्ल्यावर होते. किल्ला समुद्रात. जपानी जहाजं आलीच तर अडवायला इंग्रजांनी तिथं दोन तोफा बसवल्या, त्या मामाजींच्या पलटणीनं सांभाळल्या. दर पंधरा ऑगस्टला ते मी शिकवते त्या शाळेत हे सांगतात आणि हेडमास्तर त्यांना हार घालतात. ते ऐकत ऐकतच देवमन मोठा झाला आणि तोफखान्यात भरती झाला. (नवऱ्याचं नाव इथं तरी लिहीन. वहीपुढं कसली लाज!)

उन्हाळ्यात रजेवर आला तेव्हा दारातूनच ओरडला होता, "बाबा, मले तुमचाच किल्ला भेटला!" मला वाटलं, म्हातारा आता पेढे वाटणार. ते तर ओट्यावर खालीच बसले. तेव्हापासूनच त्यांचं काहीतरी बिनसलं आहे.

६ सप्टेंबर, सोमवार

पत्र नाही. पत्त्यावर नुसता फौजेच्या पोस्टाचा आकडा असतो, गाव नसतं. कुणाला विचारायचं?

८ सप्टेंबर, बुधवार

रेडिओवर सांगितलं — पाकिस्तानी जहाजांनी रात्री द्वारकेवर गोळे टाकले! समुद्रातून! आजवर समुद्र मी शाळेच्या नकाशात पाहिला, निळा रंग, बस. आता त्याच्याच काठावर माझा नवरा.

मामाजींनी एकच विचारलं, "तेथं आपल्या तोफा व्हत्या का?" काकाजींना काय ठाऊक!

घरी येऊन आम्ही बुद्धवंदना घेतली. आज मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहत होते. पाच शीलांतलं चौथं — खोटं बोलणार नाही — आलं की मामाजींचे ओठ मिटतात. पाचवं पुन्हा खणखणीत. लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. म्हातारपणी विसरत असतील असं वाटायचं. पण नेमकं तेच कसं विसरतात?

९ सप्टेंबर, गुरुवार

विचारलंच. शाळेतून आल्या आल्या, चपला पायात असतानाच. "मामाजी, चौथं शील काहून सोडता?"

आधी चिडले. मग दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर बसले. त्यांचे शब्द आठवतील तसे लिहिते.

"तोफा लाकडाच्या व्हत्या, पोरी. दोनी भी. खऱ्या येणार व्हत्या, त्या दुसरीकडं गेल्या म्हने. मंग सायबानं सागाचे बुंधे आनले, सुतारानं तासले, काळा रंग मारला. रोज पहाटे आमी त्यायच्यावरचं कापड काढायचो. पुसायचो. तोंड समुद्राकडं फिरवायचो. सायब 'फायर' म्हने का सारे मांगं सरकायचो, जसा धक्काच बसला. कोळ्यायच्या होड्या पाहत राहायच्या. त्यायलेही खरं वाटलं पायजे असा हुकूम व्हता."

सूर्यभान नावाचा त्यांचा दोस्त एकदा बाजारात हसत हसत बोलून गेला. दुसऱ्या दिवशी त्याला बेड्या घालून नेलं. तो पुन्हा दिसला नाही. बाकीच्यांना शपथ घातली — बायकोलाही सांगायचं नाही.

"मंग आपन दीक्षा घेतली. खोटं बोलनार नाई असं तोंडानं कसं म्हनू? खोटं बोलाचीच शपथ घेऊन बसलो ना मी! अन् खरं सांगू तं, लाजही वाटे. दुसऱ्यायले बंदुका, मोर्चे. आमाले लाकूड पुसाले देल्लं. हे गावात कोन्या तोंडानं सांगू?"

मग माझा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. "पोरगा तेथं उभा हाय. त्या तोफा अजून लाकडाच्याच असतीन तं?"

मला राग आला — यांच्या गोष्टी ऐकून माझा नवरा तिथं गेला! आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं.

१० सप्टेंबर, शुक्रवार

देवमनला लिहावं? फौजेत पत्रं फोडून वाचतात. किल्ल्यावर लाकडी तोफा असं लिहिलं तर त्यालाच धरतील. लिहायला घेतलेलं पत्र फाडून चुलीत टाकलं.

१३ सप्टेंबर, सोमवार

शाळेत दांडी मारली. मामाजींना घेऊन अमरावतीला गेले, फौजी लोकांची कामं पाहणाऱ्या एका कचेरीत. मामाजींनी शपथेचं सांगून, दबक्या आवाजात सारं सांगितलं. टेबलामागचा माणूस पान चघळत होता. म्हणाला, "म्हणजे आता बडनेऱ्याचे लोक सरकारला तोफा कशाच्या असतात ते शिकवणार?" शेजारचे हसले. मी म्हटलं, "तुमचा मुलगा तिथं उभा असता तर हसला असता का?" त्यानं दाराकडे बोट दाखवलं.



१६ सप्टेंबर

पत्र नाही.

१९ सप्टेंबर, रविवार

काय दिवस गेला!

विहारात सारी वस्ती जमली होती. पंचशील सुरू झालं, चौथ्याला मामाजी थांबले आणि उठून उभेच राहिले. म्हणाले, "आज म्या हे म्हननार हाय. पन आधी खरं ऐका." आणि सगळं सांगितलं! लाकूड, रंग, मागं सरकणं, सगळं. "येथं कोनी वरपर्यंत ओळखीचा असन तं सांगा त्यायले. पोरायले खऱ्या तोफा धाडा म्हना." मग एकट्यानं चौथं शील म्हटलं. आवाज फाटत होता.

शेषराव काकाजी उठून निघून गेले. तेच काकाजी, ज्यांनी पंचवीस वेळा तरी ती गोष्ट आपल्याच खर्चाच्या चहावर ऐकली असेल! भागीरथाबाई तेवढी म्हणाली, "इतके वर्स आमच्या पोरायले खोटंच सांगितलं व्हय?"

मला मात्र अभिमान वाटला. लिहून ठेवते — अभिमान वाटला.

२० सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी पोलीस आला. लढाईच्या दिवसांत अफवा पसरवता म्हणून मामाजींना चौकीवर नेलं. मी मागोमाग गेले. दोनेक तासांनी सोडलं, समज देऊन. येताना एका पोरानं हाक मारली, "ओ लाकडी तोफ!" माझ्याच वर्गातला! थांबून त्याचा कान पिळला. मामाजी म्हणाले, "सोड, पोरी. खरंच बोलून राहिला तो."

२३ सप्टेंबर, गुरुवार

लढाई थांबली! रेडिओवर ऐकलं आणि रस्त्यातच रडले. पण देवमनची खबर नाहीच. मामाजी म्हणतात, "थांबली आज. थांबायच्या आधी काय झालं, ते कोनाले मालूम?"

१० ऑक्टोबर, रविवार

आला! आला!! दुपारच्या गाडीनं. हातपाय धड, उलट थोडा सुटलाच आहे. मी दारात नुसती उभी. तो पाया पडायला वाकला तर मामाजी उठून परसात निघून गेले.

त्याला स्टेशनावरच कुणीतरी विहारातलं सांगितलं होतं. तोंड उतरलेलं. जेवताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मग मामाजींनी मला हळूच बोलावलं. "त्याले म्या कोन्या तोंडानं इचारू? तू इचार. तोफा खऱ्या हायेत का, एवढंच." 

उद्या विचारते.

११ ऑक्टोबर, सोमवार

देवमन त्या किल्ल्यावर कधी गेलाच नव्हता. कान अधू निघाला म्हणून तोफेवरून काढलं, तिकडं मध्य प्रदेशात एका डेपोत ब्लँकेटं वाटायला बसवलं. मला म्हणाला, "बाबाले बरं वाटन म्हून किल्ला म्हटलं. त्यायले नको सांगू, तुह्या पाया पडतो." 

मामाजी परसात वाट पाहत होते. "इचारलं?"

"इचारलं. लोखंडाच्या हायेत, मामाजी. दोनी भी."

त्यांनी डोळे पुसले आणि आत जाऊन पोराला मिठी मारली.