तीनच दिवसांचे सुतक

॥ श्री ॥

लिहून ठेवणार मी बनाबाई, धंदा शिवणकाम, राहणार वरवट बकाल, जिल्हा बुलढाणा. पूर्ण नाव इथेच लिहायचे असते हे मला माहीत आहे. ते मी खाली सहीत लिहीन, आत्ता धीर होत नाही. डोके ठिकाणावर आहे. दारात कोणी काठी घेऊन उभे नाही. अक्षर वाकडे आले असेल तर ते भीतीमुळे, नशापाणी मी करत नाही. हा कागद निवृत्ती गुरुजींकडे राहील. माझी तिरडी बांधायच्या आधी त्यांनी तो मोठ्याने वाचावा, नंतर वाचून उपयोग नाही.

भीती कशाची ते आधी सांगते. शेगावच्या डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली आणि शालिग्रामदादाला बाहेर बोलावले. दादा माझा थोरला भाऊ, त्याच्याच घरी मी राहते. घरी येऊन तो ओट्यावर टेकला तेव्हा रडला, आणि म्हणाला, “बना, तुले काही झालं तं विमलचं वर्षाच्या आत उरका लागन. नाही तं तीन वर्षं थांबा लागते.”

विमल ही दादाची लेक. नागपूरला विद्यापीठात मराठी घेऊन एम.ए. करते, पहिले वर्ष आहे. घरातले माणूस गेले की लग्न वर्षाच्या आत करायचे, नाहीतर तीन वर्षे दारी मांडव घालायचा नाही, ही आमच्याकडची रीत. एकवीस वर्षांची पोरगी दादा आणखी तीन वर्षे ठेवणार नाही. तो वाईट नाही, लोकांना भितो. म्हणजे मी मेले की तिचे दुसरे वर्ष बुडाले. छातीत कळ आली की मी देवाचे नाव घेत नाही, परीक्षेला किती महिने राहिले ते आठवते.

कलम पहिले. शिलाई मशीन वहिनी गीताबाई यांना द्यावे. इतकी वर्षे त्यांनी त्याच्या खडखडाटाला नावे ठेवली, आता स्वतः चालवून पाहावे. तेल मशीनचेच घालावे, स्वयंपाकातले नव्हे. कात्री विमलच्या हाती देऊ नये, ती तिने कागद कापून बोथट केली होती.

कलम दुसरे. पोस्टातल्या पैशातून आधी मालट्रकचे भाडे द्यावे. कशाचे ते पुढे येईल. उरेल ते विमलच्या फीला आणि वसतिगृहाला. माझी सोन्याची एकदाणी तिचीच. लग्नात मिरवायला नव्हे, अडीनडीला मोडायला.

कलम तिसरे. विमलला आणखी एक गोष्ट द्यायची आहे. तिकडे नागपूरला एक प्राध्यापक बाई मुलींकडून कथा लिहून घेतात. विमलने माझी लिहिली. माझे सासर दुसरबीडचे. नवरा दयाराम तापाने गेला, आणि मी चोरून दादाला पत्र लिहिताना सापडले, म्हणून दीर गुलाबराव यांनी मला सरकीच्या कोठीत कोंडले. गावच्या कासारणीने निरोप पोचवला तेव्हा दादाने येऊन कुलूप तोडले. विमलच्या बाईंनी कथेच्या समासात विचारले आहे, कोठीत तिला काय दिसले? दिवाळीत पोरगी हात धुऊन मागे लागली. “सांग ना वं आत्या, काय दिसे तुले?” मी म्हटले, “अंधारात काय दिसते बाई, चाल जेवाले.” तिची कथा तिथेच अडली आहे.

आता लिहून देते. दिसत काही नव्हते. सरकीचा वास होता, उंदीर होते, आणि सरकीत पाय खुपसले की ऊब लागे. मला त्या उबेचीच जास्त भीती वाटली, कारण पुढे पुढे मला तिथे बरे वाटू लागले होते. हे तिने हवे तसे वापरावे. फक्त कथेतल्या बाईला ‘मला’ म्हणायला लावू नये. ती ‘मले’ म्हणत होती.

कलम चौथे. दादाने मला पाहुणी म्हणून नाही आणले, घरचे माणूस म्हणून आणले. मतदार यादीत, शाळेच्या वर्गणीत, सगळीकडे मी बाप उकंडराव यांचेच नाव लावले. तलाठ्याने सासरचे वायाळ नाव लिहिले म्हणून त्याच्याशी कचेरीत भांडले. पण घरचे माणूस गेले तर वर्ष आडवे येते. दिलेली लेक गेली तर माहेराला तीनच दिवसांचे सुतक, चौथ्या दिवशी सगळे मोकळे. म्हणून मी जाहीर करते की मी या घरची नाही. माझे प्रेत मालट्रकने दुसरबीडला न्यावे. अग्नी गुलाबरावांनी द्यावा, दहावे-तेरावे तिकडेच व्हावे.

गुरुजींना मी तिकडे विचारायला पाठवले होते. गुलाबराव म्हणाले, “येऊ द्या. जितेपणी नाही आली, मेल्यावर तरी येऊ द्या.” हे ऐकले तेव्हा माझ्या हातातली सुई पडली आणि मग सापडली नाही. मेल्या माणसाला कसली भीती, असे कोणी म्हणेल. त्याने त्या घरात नांदून पाहावे. मला भीती वाटते. मला अंगणातच ठेवा, कोठीच्या ओसरीवर नेऊ नका. आणि दादा, सरण पुरते पेटेपर्यंत तू तिथून हलू नको.

कलम पाचवे. विमलला तार करू नये. पेपर संपल्यावर सांगावे. ती संतापेल, जेवणार नाही, वहिनी, तुम्ही मनावर घेऊ नका. सुट्टी सरली की तिला नागपूरच्या गाडीत बसवून द्यावे. स्थळ घेऊन कोणी आले आणि विचारले, घरात कोण गेले, तर दादाने सांगावे, “आमच्या घरातलं कोणी नाही गेलं. दुसरबीडच्या वायाळाची बाई होती.” तुले जड जाईन. मलेही लिहाले गेलं. पण सांगजो, दादा.

मुक्काम वरवट बकाल, दिनांक २८ जानेवारी १९६८

सही :
बनाबाई उकंडराव अव— (खोडले)
बनाबाई भ्रतार दयाराम वायाळ

साक्षीदार :
१. निवृत्ती संपत ढगे, शिक्षक. सही.
२. कडूबा सखाराम इंगळे, शेजारी. निशाणी डावा अंगठा.

खाडाखोड : सहीच्या जागी आधी एक नाव लिहून खोडले आहे. खोड माझ्याच हातची आहे. कोणाची जबरदस्ती नाही. हाताला सवय होती.