रिकामा झालेला पलंग

तार्नुफ, ९ जानेवारी १९९५

प्रिय कायेतान,

तब्येत बरी असेल, गुडघा नेहमीसारखाच कुरकुरत असेल आणि संस्थेतलं बीटचं सार अजूनही गोडच लागत असेल, असं धरून चालतो. माझं मनगट सुटलं. प्लास्टर काढलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, हाताला जपा. मी म्हटलं, आजवर हातानेच मला जपलंय, आता पाळी माझी. ब्रेलचे ठिपके पुसट लागले तर बोटांना दोष देऊ नकोस, निम्मं पत्र डाव्या हाताने टोचतोय.

सिस्टर बेनिग्नांचं पत्र तुला माहीत असणारच. त्या लिहितात, दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळचा एक पलंग रिकामा झालाय, वालेंतीसाठी जानेवारीअखेरपर्यंत राखून ठेवते. बाजारातल्या बर्फावर मी पडलो, हे लिपोव्काला, आपल्या अंधसंस्थेपर्यंत पोचवलं कोणी? तूच. रागावलेलो नाही. सहा आठवडे मला कोटाची बटणं लावता येत नव्हती. रोज सकाळी शेजारच्या सादोव्स्काबाई दार ठोठावून आत यायच्या आणि वरपासून खालपर्यंत मला बंद करायच्या, जसं काही मीच दुकान. लोकांचे पियानो सुरात लावून पोट भरणारा, सदतीस वर्षं कुणाचा आधार न घेता राहिलेला माणूस एका बाईसमोर हनुवटी वर करून उभा. तेव्हा मनात आलं, जावं लिपोव्काला. जिना नाही, बर्फ नाही, जेवणाची घंटा झाली की चालायला लागायचं.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘जा की. ताट आयतं मिळेल. फक्त जिन्यात तुमची काठी वाजली नाही तर मला सात वाजल्याचं कळायचं कसं, तेवढं सांगून जा.’’

तरीही मी जाणार होतो. खरं सांगतो. नाताळच्या आधीच्या बुधवारी मी कपाट रिकामं करायला घेतलं. पियानोच्या खुंट्या पिळायच्या किल्ल्या तेल लावून फडक्यात गुंडाळल्या. संगीतशाळेच्या संचालकांना सांगून टाकलं की फेब्रुवारीपासून दुसरा माणूस बघा. ते म्हणाले, तुमच्यासारखा कान मिळायचा नाही. मी म्हटलं, मिळेल, पण तो इतकं बोलणार नाही.

शुक्रवारी तुझं पाकीट आलं.

बत्तीस वर्षं तू मला नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाटून खायची ती पातळ पापडी पाठवतोस. चौकोनी, आणि एक कोपरा मोडलेला. तो तू खाल्लेला. मग संध्याकाळी पहिला तारा उगवला असं बाई दारातून सांगतात, आणि मी दुसरा कोपरा मोडतो. हे आपलं एकत्र जेवण. तू तुझ्या गर्दीत, मी माझ्या टेबलाशी.

यंदा दोन कोपरे मोडलेले होते.

आधी वाटलं, टपालात मोडली असेल. पाकीट बशीत उलटं करून झटकलं, एक कणही पडला नाही. म्हणजे दोन्ही कोपरे तिकडेच खाल्ले गेले. मग बोट फिरवलं. एक कोपरा वेडावाकडा तोडलेला, तो तू. पावसुद्धा तू असाच तोडतोस. दुसऱ्याची कड मात्र सरळ. आधी नखाने रेघ ओढून, दाबून, मग अलगद मोडलेला. आपल्याकडे अशी कागदासारखी पापडी कोण मोडतं, हे मला कुणी सांगायला नको. संस्थेत पुस्तकं बांधण्यात जिचा जन्म गेला, त्या लुद्विकाचं ते नख.

पापडी हातात धरून मी बसलो आणि तेव्हा कुठे मला विचारावंसं वाटलं, पलंग रिकामा झाला तो कोणाचा? कुणी गेलं असतं तर तू कळवलं असतंस. तू तर दर पत्रात मेलेल्यांची नावं आधी लिहितोस, टोमॅटोंची खबर नंतर. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ. तिथे १९६२ पासून तू झोपतोस.

आणि तळमजल्यावर सिस्टरनी जोडप्यांसाठी खोली केलीय, हे तूच गेल्या इस्टरला लिहिलं होतंस. सहज म्हणून.

लेका, सदुसष्ट वर्षांचा झालास आणि ही बातमी मला पापडीच्या कोपऱ्यावरून कळावी?

तर मग ऐक. मी जळतो तुझ्यावर. आज नव्हे, फार आधीपासून. तू क्राकोला ब्रशच्या कारखान्यात अकरा महिने राहून परत गेलास, तेव्हा संस्थेत भेटायला येऊन सगळ्यांसमोर मी तुला पंखाखालचं पिल्लू म्हणालो होतो. तू चिडला नाहीस. म्हणालास, ‘‘वालेक, पंखाखाली ऊब असते. तुझ्या खोलीत नुसता तू असतोस.’’ सगळे हसले. मीही हसलो, आणि मोठ्याने. त्या हसण्यात एक आवाज कमी होता, तो मी शोधत होतो. लुद्विका हसली नव्हती.

तेव्हापासून तुझी पत्रं मी कशी वाचतो, ते सांगतो. टोमॅटो, गुडघा, भजनमंडळी, सगळ्यावरून बोट भरभर फिरवत जायचं आणि तिचं नाव आलं की थांबायचं. ‘लुद्विकाने वाचून दाखवलं.’ ‘लुद्विका म्हणते, मोजे बदल.’ तुला वाटायचं तू हवापाण्याच्या गोष्टी लिहितोयस. मी इकडे मोजत होतो. दहा वर्षांपूर्वी वर्षाला तीनदा यायचं नाव. गेल्या वर्षी एका पत्रात नऊ वेळा.

आज सकाळी सिस्टरना नकाराचं पत्र टाकलंय. तुझ्या पलंगावर पडून खालच्या खोलीतले दोघांचे आवाज ऐकायचे, तेही या कानांनी? कुठला चमचा कुणाच्या ग्लासात फिरतोय हे मला कळेल रे. कोण कुणाच्या आधी हसलं तेही.

लोकांना सांगताना मी स्वातंत्र्य वगैरे म्हणेन. सादोव्स्काबाईंना सांगितलंही. त्या म्हणाल्या, शोभतं तुम्हाला. पण तुला खरं लिहितो. ते दोन कोपरे मोडलेले नसते, तर मी महिनाअखेरीला तिकडे असतो. आयुष्यभर ज्याची फुशारकी मारली, ती एकट्याची खोली यंदा हेव्याने वाचवली, माझ्या हिमतीने नव्हे. संचालकांकडे जाऊन शब्द मागे घ्यावा लागला. ते म्हणाले, ‘‘मला वाटलंच होतं, तुम्ही इतकं बोलल्याशिवाय राहायचे नाहीत.’’

लग्नाला येईन. आदल्या दिवशी नको, त्याच दिवशी. सकाळच्या बसने येईन, संध्याकाळच्या बसने परत जाईन. हॉलमधला पियानो कुणी लावलाय मला माहीत नाही, पण गेल्या इस्टरला तू फोन केलास तेव्हा मागे वाजत होता आणि वरचे सूर रडत होते. जेवणाआधी तासभर मला त्याच्याजवळ एकट्याला सोडा. आहेर म्हणून तेवढंच माझ्याजवळ आहे.

आता एक राहिलं. हे पत्र वाचून झालं की नेहमीसारखं वाचनालयाच्या फळीवर ठेव, लपवू नकोस. तिथे कुणाचं पत्र कोण वाचतं हे मला ठाऊक आहे, आणि तिची बोटं तुझ्यापेक्षा चपळ आहेत.

१९५८ साली मी संस्था सोडली तेव्हा सगळ्यांना सांगितलं की लुद्विका माझ्याबरोबर यायची होती, ऐनवेळी घाबरली, राहिली. तू ते खरं मानलंस. तिने सदतीस वर्षांत एकदाही खोडून काढलं नाही. कायेतान, ती फाटकाशी माझ्याआधी येऊन उभी होती. तिची पेटी मी उचलून पाहिली, जड होती, पुस्तकंसुद्धा भरली होती तिने. मी म्हटलं, दोन आंधळ्यांनी एक घर मांडायचं म्हणजे एकाच भिंतीवर दोघांनी आपटायचं. मी पेटी खाली ठेवली आणि बसमध्ये चढलो.

घाबरलो मी होतो, लुद्विका. तू नव्हतीस.

तुम्हा दोघांचा,
वालेंती