टेकाडावरची रेंज

१२ जून
आले एकदाची! बाबांनी आज भाजीचा गाडा लावलाच नाही. बस हलेपर्यंत आदिलाबादच्या स्टँडवर उभे होते. घरातली पहिली पदवीधर, आता शाळेची बाई. जयवंताबाईंकडे खोली मिळाली. चहूकडे कापसाची सपाट काळी रानं. शाळेमागचं टेकाड चिंचेच्या झाडाहून जरासंच उंच, पण भीमपूरपर्यंत त्याहून उंच काही नाही. धाकटी बहीण शीतल इंटरला, म्हणजे बारावीला, नापास झाली, म्हणून बाबा तिच्या लग्नाचं बघतायत. तिला इथे आणून अभ्यास करून घेईन. तीही डिग्री करेल.

१५ जून
गावात मोबाइलला रेंज नाही. टेकाडावर मात्र भरपूर. तरी गावकरी फोन करायला भीमपूरला जातात! जयवंताबाई म्हणाल्या, जा, पण वरून कोनाला नाव घेऊन हाक नोका मारू. टेकाड आवाज शिकून घेते. मला हसू आलं. वर गेले. आवाज तुटत होता, म्हणून ओरडले, "शीतल! अगं शीतल!"

२८ जून
रानात सरकी टोबायला, पेरायला निघालेल्या बायांनी विचारलं, शीतल कोन हाये बाई? सकायपासून तुमी वरून तिलेच हाका मारून राह्यल्या. सकाळी मी खोलीतच होते. म्हटलं, चेष्टा करत असतील.

४ जुलै
दुपारी फोन लावला. शीतल म्हणाली, बॅग भरली, उद्या निघते. काल तूच फोन करून बोलावलंस ना, सरळ टेकाडावर ये म्हणून? काल मी वर गेलेच नव्हते. येऊ नकोस म्हणाले. तेवढ्यात माझ्या पाठीमागून माझाच आवाज आला, "ये गं, शीतल." तिकडून ती म्हणाली, बरं, येते. फोन बंद.
मी पळत खाली आले. भीमपूरची शेवटची बस गेलेली. पुन्हा फोन लावायचा तर वरच जावं लागेल. हिंमत नाही. उद्या फाट्यावरच तिला अडवते.

५ जुलै
बस आली. शीतल नाही. कंडक्टर म्हणाला, निळ्या ड्रेसमधली पोरगी मागेच, टेकाडापाशी उतरली. टेकाडावरून ताई बोलावते म्हणे.
वर फक्त बॅग. वह्या कोऱ्या —

६ जुलै
नाल्याला पूर. भीमपूरची वाट बंद. बाबांना कळवायचं तर —
वर नाही जाणार.

७ जुलै
शाळेमागून शीतलचा आवाज. लाडात येऊन हाक मारतेय — "आई. ये ना गं, आई."
आता घरी फोन वाजेल, शीतलचा आवाज ऐकून आई निघेल. त्याआधी मला वर जाऊन आईला सावध —